सव्वा सेकंदाची टक्

…आणि वर तो कॉम्प्युटरवाला मलाच विचारतो, "काका, तुम्ही टायमर कुठला ठेवलाय?" आता सांगा! टायमर! मी गाणं ऐकायला बसलोय का अंडी उकडायला? … नाही नाही, तुम्ही बसा ना, सरकतो मी, डॉक्टर अजून आलेले नाहीत, शनिवार आहे, खंडाळ्याकडनं येताना टुरिस्टच्या गाड्यांत अडकले असतील, त्या काउंटरवरच्या अनिता मॅडमचा चहा पण दुसऱ्यांदा झाला. तुम्हाला ऐकू येतंय ना माझं? … हां, चुकलं, कानाच्या दवाखान्यात हे विचारायचं नसतं! बरं, कुठल्या कानानं येतं? डाव्या? मग या बाजूला या. आणि मावशी, तुम्हाला? … मावशींना काहीच येत नाही वाटतं, नुसती मान हलवतायत. हलवा, हलवा, आमच्या घरी पण असंच चालतं, फक्त तिथं मान मी हलवतो.

तर काय सांगत होतो… टक्!

म्हणजे असं बघा. सरोद चाललाय. सूर लांबत लांबत जातोय, बारीक होत होत अगदी विझायला आलाय, तुमचा श्वास पण त्याच्याबरोबर अडकलाय, आता नुसती शांतता उरणार… टक्! त्यानं पुन्हा तार छेडली, आहाहा… टक्! मी हातातलं घड्याळ समोर धरून मोजलं, मिनिटाला अठ्ठेचाळीस. म्हणजे सव्वा सेकंदाला एक. ना पुढं ना मागं. अहो, पाहुणा असता तरी कधी उशिरा आला असता!

आता तुम्ही म्हणाल, हा कोण लागून गेला सरोद ऐकणारा? बरोबर आहे तुमचं. मी बजरंग, वडिवळ्याचा, कामशेतच्या आत, धरणापाशी. तळेगावच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, एकतीस वर्षं मेन्टेनन्स केलंय मी! पत्रा ठोकणाऱ्या दीडशे टनाच्या सहा प्रेस, एका ओळीत, धाड… धाड… धाड… कंपनी कानात घालायला पिवळी बोंडं द्यायची, आणि मी ती खिशात ठेवायचो. का? कारण मेन्टेनन्सवाला मशीनचं दुखणं कानानं ओळखतो. बेअरिंग रडायला लागलं की मला शॉपच्या दुसऱ्या टोकाला कळायचं. नवीन पोरं मीटर घेऊन धावायची, मी म्हणायचो, मीटर ठेव खाली, गपचूप ऐक, आणि काही कळलं नाही तर आधी अर्थिंग बघ! हे माझं ठरलेलं, वाट चुकलेली वीज जमिनीत नीट उतरते का ते आधी बघायचं. मशीन झटका मारतंय? आधी अर्थिंग बघ. पॅनल फडफडतंय? आधी अर्थिंग बघ. पोरांनी माझं नावच पाडलं होतं, अर्थिंगमामा. लक्षात ठेवा हे नाव, पुढं मला लाज वाटायची आहे.

आणि सरोद म्हणाल, तर तो खंडाळ्याचा. माझी आई तिथं एका बंगल्यात धुणीभांडी करायची, मी शाळा सुटली की मागच्या पायरीवर बसून राहायचो तिची वाट बघत. आत शेठ गाणं लावायचे. मोठी खोली, पडदे, आणि मधोमध एकच खुर्ची. एकच हो! शेठ तीत बसायचे, डोळे मिटून, आणि त्या खोलीत कुणी चमचा सुद्धा वाजवायचा नाही. माझ्या आईनं भांडी घासायचं थांबवायचं! ती राख लावलेले हात तसेच धरून उभी राहायची, तबकडी संपेपर्यंत. मी पायरीवर. आठ-नऊ वर्षांचा असेन. तेव्हाच मनात धरलं की एक दिवस आपली पण अशी खोली, आपली पण खुर्ची, आणि आपल्यासाठी पण जगानं जरा गप्प बसायचं. जास्त काही मागितलं का मी? सांगा ना!

मग एकतीस वर्षं धाड धाड. गेल्या वैशाखात रिटायर झालो, आणि त्याच महिन्यात इथं आलो या बाकावर. डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली, अशी खाली उतरत गेलेली, आपला घाट उतरतो तशी. म्हणाले, "बजरंगराव, उजवा कान जवळजवळ गेला. डाव्याचे वरचे सूर जायला लागलेत. चार-पाच वर्षं धरून चाला." धरून चाला! म्हणजे खुर्चीत बसायची वेळ आली आणि कान निघाले. तेव्हाच ठरवलं, आता थांबायचं नाही.

रिटायर झाल्यावर मी दोन कामं केली. एक, पाऊस पडायच्या आत मागची खोली गाण्याला केली. भिंतीवर आवाज घुमतो म्हणून आईच्या जुन्या गोधड्या चारी भिंतींना ठोकल्या. आमच्या मंडळी, शालूबाई, दारात उभ्या राहून म्हणतात, "पावसात मानसं कुडकुडनार आन् ह्ये भितीला पांघरून घालत्यात!" म्हणू दे. मधोमध एक खुर्ची ठेवली. एकच.

दुसरं काम, रानाला झटका कुंपण. आमच्याकडं रानडुकरांचा लय त्रास, भात पोटरीत, म्हणजे कणीस धरायच्या बेतात आलं की कळपच्या कळप उतरतो, आणि खातात कमी, लोळतात जास्त. तर चारी बाजूंनी तार ओढली, घरामागं सोलरची पाटी, बॅटरी, झटका मशीन. तारेला डुकराचं नाक लागलं की असा फटका बसतो की डुक्कर मरत नाही पण पुन्हा तिकडं फिरकत नाही. शेजारच्या बांधाचा अंबाजी, त्याला पण मीच तयार केला, दोघांच्या रानाला मिळून एकच कुंपण. सगळं मी स्वतः जोडलं, बाहेरचा माणूस बोलावला नाही. एकतीस वर्षं मेन्टेनन्स केलंय मी!

मग आषाढी एकादशीच्या सुमारास कॉम्प्युटर आणला. इथंच मार्केटात प्रदीपचं दुकान आहे, त्यानं जोडून दिला. अँप्लिफायर, दोन हे एवढे कपाटासारखे स्पीकर, आणि सगळं एकाच बटणावर. म्हणलं आपल्याला चार बटणं नकोत, एक दाबलं की अख्खी खोली चालू. हुशारी! पोरीनं, समीक्षानं, हिंजवडीहून पेनड्राइव्ह भरून पाठवला, आणि त्यात काय निघालं माहितीये? तीच खंडाळ्याची मैफल! तीच! सुरुवातीला तो दोनदा तार जुळवतो ना, तिथंच ओळखली मी. पायरीवर पन्नास वर्षांमागं ऐकलेली. मी खुर्चीत बसलो, डोळे मिटले, आणि…

टक्!

आता मला सांगा, राग येईल का नाही?

प्रदीपला फोन केला. आमच्या घरात रेंज फक्त खिडकीच्या दुसऱ्या गजाला येते, तर गजाला गाल लावून बोलतोय मी. तो म्हणतो, "काका, टक् कशी येते? कधी पण? का नेमानं?" म्हणलं नेमानं, मिनिटाला अठ्ठेचाळीस. झालं! "नेमानं येतीये ना? मग टायमरच!" म्हणे कॉम्प्युटरच्या पोटात एक घड्याळ नसतं, तीन-चार असतात, आणि त्यानं कुठल्या घड्याळाकडं बघून काम करायचं हे ठरवून द्यावं लागतं. चुकीच्या घड्याळाकडं बघितलं की गाण्याचा घास वेळेवर पोचत नाही, मधे रिकामी जागा पडते, आणि ती वाजते, टक्! मला पटलं हो. नेमानं काय चालतं जगात? घड्याळच. मेन्टेनन्सच्या माणसाला असं कुणी कारण देऊन सांगितलं की तो लगेच विरघळतो.

मग सुरू झालं. "काका, बंद करा, चालू करताना ते डिलीटचं बटण दाबत राहा, निळा पडदा येईल." आला. "त्यात हाय प्रिसिजन टायमर आहे, तो चालू करा." केला. "रीस्टार्ट." टक्! "मग बंद करा तो." बंद. "रीस्टार्ट." टक्! "आता काळा पडदा उघडा, मी सांगतो ते एकेक अक्षर टाईप करा." एकेक अक्षर! मी चष्मा कपाळावर, एक बोट कीबोर्डवर, एक गाल गजावर, आणि गजापासून कीबोर्ड सात पावलं! म्हणजे अक्षर ऐकायचं, सात पावलं जायचं, दाबायचं, सात पावलं परत. "डी दाबला?" दाबला. "नाही, डी नाही, बी!" आता उजवा कान गेलेल्या माणसाला फोनवर बी आणि डी कळतो का? एक ओळ लिहायला तीन दिवस लागले. "आता एंटर. रीस्टार्ट."

टक्!

मी रजिस्टर केलं. कारखान्यात ब्रेकडाउन रजिस्टर असतं ना, तस्सं. तारीख, काय बदललं, काय झालं. पहिलं पान बघाल तर, हाय प्रिसिजन चालू, टक् आहे. हाय प्रिसिजन बंद, टक् आहे. डायनॅमिक टिक बंद, टक् आहे. प्लॅटफॉर्म क्लॉक चालू, टक् आहे, आणि घड्याळ सात मिनिटं मागं! हो, ते वेगळंच झालं, एका टायमरच्या नादात कॉम्प्युटरचं घड्याळच मागं पडायला लागलं, आणि मी त्यावर बघून निघालो, तर कामशेतची एसटी गेली डोळ्यांसमोरून. शालूबाई म्हणाली, "गानं ऱ्हाऊ द्या, आता यळ बी गेली."

मग प्रदीपनं एक प्रोग्रॅम पाठवला. तो चालू केला की पडद्यावर उभ्या पट्ट्या येतात, हिरव्या असल्या तर सगळं वेळेवर चाललंय, लाल झाल्या तर कुठंतरी अडतंय. चालू केला. पट्ट्या हिरव्यागार, आषाढातल्या भाताच्या रोपासारख्या! मी फोनवर सांगतोय, अरे सगळं हिरवं आहे, आणि मागं टक्… टक्… "काका, तो प्रोग्रॅम पण कधीकधी खोटं बोलतो." आता बोला! मग पाठवला कशाला? टक् बरोबर करमणूक म्हणून?

आणि समीक्षानं काय केलं, तिनं इंटरनेटवर असल्या गाणंवेड्यांचा एक अड्डा शोधला आणि माझा प्रश्न तिथं इंग्रजीत टाकला. जगभरातनं उत्तरं आली! एक म्हणतो, टायमर अर्ध्या मिलिसेकंदावर आणा, गाणं ऊबदार होतं. ऊबदार! मग मी गोधड्या कशाला ठोकल्या? दुसरा म्हणतो, खबरदार, अजिबात आणू नका, सुरांचा चुरा होतो. पहिला म्हणतो, मला फरक स्पष्ट ऐकू येतो. दुसरा म्हणतो, कान तपासून घे. पुढं मला कुणी विचारलंच नाही, ते दोघंच एकमेकांची आई काढत बसले. मी मात्र दोघांचं ऐकलं. अर्धा मिलिसेकंद… टक्. एक… टक्. साडेपंधरा… टक्!

अडीच महिने हो. श्रावण गेला, गणपती गेले, पितृपंधरवडा गेला. डॉक्टरांनी दिलेल्या चार वर्षांतले अडीच महिने मी रीस्टार्ट करण्यात घातले. हे कोण भरून देणार? रोज वाटायचं, आज त्या वरच्या सुरांतला अजून एक गेला असेल, आणि मी तो ऐकायचा राहिलो. म्हणून तर जीव एवढा जळत होता. नाहीतर टक्चं काय, प्रेस शॉपमध्ये आयुष्य गेलेला माणूस मी, टक्ला काय भितो!

बरं, या सगळ्यात शालूबाई काय करत होत्या? तर एकदा, अगदी पहिल्याच आठवड्यात, चहा घेऊन आली दारात. मी कपाळाला हात लावून बसलेलो, स्पीकर आपला टक्… टक्. ती जरा वेळ ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या गान्यात बी येती व्हय ती?" मी काय म्हणावं? मी म्हणलं, "तुला न्हाई कळायचं, टायमरचं हाय त्ये." ती गेली. चहा ठेवून गेली बिचारी. "बी" म्हणाली होती ती, "गान्यात बी"! एवढा एक शब्द मी पकडायला नको होता? कानानं बेअरिंग ओळखणारा मी!

मग घटस्थापनेच्या सकाळी प्रदीपनं शेवटची एक ओळ दिली. प्लॅटफॉर्म टिक का काय. म्हणाला, "काका, यानं नाही झालं तर मी हात टेकले." सात पावलं, सात पावलं, टाईप केली. रीस्टार्ट केला. मैफल लावली. खुर्चीत बसलो, हात मांडीवर, टक्ची वाट बघत.

नाही आली.

पाच सेकंद. दहा. मिनिट! सूर विझत गेला आणि विझल्यावर… काही नाही. नुसती शांतता. ती बंगल्यातली शांतता हो, तीच! मला आईचे राखेचे हात दिसले. रडलो मी. खोटं कशाला सांगू, घळाघळा रडलो. उठून गजाला गाल लावला, "प्रदीपशेठ, सुटली! टक् सुटली!" तो म्हणतो, "मी म्हणलं नव्हतं, टायमरच!" समीक्षाला फोन केला, तिनं ऑफिसात टाळ्या वाजवल्या. रजिस्टरमध्ये लिहिलं, टक् गेली, आणि खाली दोन रेघा मारल्या. म्हणलं एकतीस वर्षं मेन्टेनन्स केलंय मी, एका टायमरनं मला…

तेवढ्यात स्वयंपाकघरातनं शालूबाई धावत आली, हात भाकरीच्या पिठानं भरलेले, "आवं उटा! उटा आधी! मशीन बंद पडलंय!"

म्हणलं, कुठलं मशीन? कॉम्प्युटर तर मस्त चाललाय.

"झटक्याचं वो! टक् थांबली न्हवं का!"

मी म्हणलं, थांबली नाही, मी थांबवली.

"तुमी बंद क्येलं? आन् डुकरं?"

आणि ती गेली पण घरामागं. बॅटरीची चिमटी निसटली होती, ती तिनं तशीच पिठाच्या हातानं बसवली, आणि मी खोलीत उभा, हातात पेन, रजिस्टर उघडं, आणि कपाटाएवढ्या दोन स्पीकरमधनं…

टक्!

अकरा मिनिटं. माझं सुख अकरा मिनिटं टिकलं.

परत आली तेव्हा मी विचारलं, तुला कसं कळलं गं मशीन बंद पडलं ते? तर म्हणते, "माझ्या रेडिओत येती की! पयल्या दिवसापासनं. मशीन चालू हाय तवर टक्-टक् करतंय, थांबलं की मी जाऊन बगते." म्हणलं, अडीच महिने! अडीच महिने तुला माहीत होतं, मग मला का नाही सांगितलं? तर काय म्हणाली असेल? "तुमी इचारलं कुटं? तुमी आपलं टायमर-टायमर करत व्हता. मला वाटलं, ह्यांचं काय येगळं, मोटं असंल."

मी घरामागं गेलो. मोरीच्या पाण्याशेजारी आमच्या घराचं अर्थिंग आहे, मी स्वतः केलेलं, मीठ-कोळसा घातलेला खड्डा, बारमाही ओला. आणि झटका मशीनला पण जमिनीत एक सळई ठोकावी लागते. ती कुठं ठोकली होती मी? त्याच खड्ड्यात! म्हणलं होतं ना स्वतःला, एवढा झकास ओला खड्डा असताना दुसरा कशाला खणायचा? म्हणजे मशीननं सव्वा सेकंदाला झटका मारला की तो जमिनीतनं फिरून माझ्याच घरात, माझ्याच वायरीतनं, माझ्याच गाण्यात! आणि सगळं एका बटणावर, म्हणून स्पीकर चालू ठेवून नुसता कॉम्प्युटर बंद करून बघायचं पण कधी सुचलं नाही. अख्ख्या कारखान्याला ओरडून सांगितलं, आधी अर्थिंग बघ, आधी अर्थिंग बघ… आणि स्वतःचं? स्वतःचं कसं बघणार? ते तर मी केलेलं होतं! त्यात चूक असेल असं कुणाच्या बापाला वाटेल?

पण थांबा, इथं संपलं असतं तर मी एवढा कडू झालो नसतो.

सळई उपटली. घरापासून लांब, पार अंबाजीच्या बांधाजवळ नेली. तिथं सगळा मुरूम, दोन फुटांखाली पहार वाजते, दिवसभर खपलो. ठोकली. तार जोडली, मशीन चालू केलं, झटका चालू. खोलीत येऊन बटण दाबलं. शांतता! खरी! आणि मग तुम्हाला काय सांगू, चार दिवस… चार दिवस मी राजा होतो. त्या मैफलीत एके ठिकाणी तो नुसता तारेवर बोट ठेवतो, छेडत पण नाही, त्याचा बारीक सळसळणारा आवाज येतो. पायरीवर तो कधीच पोचला नव्हता. तो मला खुर्चीत ऐकू आला, डाव्या कानानं का होईना, आला. असं वाटलं, आईला हाक मारून आत बोलवावं, ये, बस, राहू दे ती भांडी. पण खुर्ची एकच केली होती मी. हे पण तेव्हाच लक्षात आलं.

शालूबाई रोज सकाळी विचारायची, "रेडिओत टक् येत न्हाई. मशीन चालू हाय न्हवं?" मी म्हणायचो, "आगं चालू हाय, टक् मी काडलीया, आता यायचीच न्हाई!" ती म्हणायची, "मंग कळायचं कसं?" मी म्हणायचो, माझ्यावर इस्वास ठेव. एकतीस वर्षं मेन्टेनन्स केलंय मी!

दसरा यायच्या आतच आभाळ आलं. दोन दिवस ऊन नाही. सोलरवर बॅटरी भरेना, उतरली, आणि मशीन गुपचूप बंद. आवाज नाही, काही नाही. मी आत खुर्चीत, डोळे मिटून.

पाचव्या दिवशी सकाळी अंबाजी दारात. "भाऊ, झटका चालू व्हता न्हवं?" त्याच्या आवाजावरनंच कळलं. जाऊन बघतो तर आमचं इंद्रायणी भात सपाट. दाणा दुधात आलेला, आठ-दहा दिवसांत भरला असता, सगळं लोळवून चिखलात. माझं वरचं खाचर गेलं आणि त्याचं अर्धं. अंबाजी मला एक शब्द वाईट बोलला नाही, नुसतं म्हणाला, "तुमी व्हता म्हून मी बगितलं न्हाई." याच्यापरीस दोन शिव्या दिल्या असत्या तर मी त्याच्या पाया पडलो असतो! शालूबाई खाली बसून एकेक लोंबी उचलून झटकत होती. मीच म्हणलं, मशीनला एक लाल दिवा बसवतो, चालू असलं की लागेल. ती म्हणाली, "दिवा बगाया उटून जावं लागतं. कानाला जावं लागत न्हाई." प्रदीप म्हणाला, मोबाईलवर मेसेज येणारं मशीन मिळतं. म्हणलं, मेसेज आला तर गजाला येईल, गजाला भात राखता येतं का?

मग काय. कुणी सांगितलं नाही हां मला, मी स्वतः गेलो, मुरूमातनं सळई उपटली आणि परत मोरीमागच्या खड्ड्यात ठोकली. स्वयंपाकघरातनं आवाज आला, "हां, आली!" किती बरं वाटलं तिला! मला आठवत नाही ती माझ्या कुठल्या कामावर एवढी खूश झाल्याचं.

तुम्ही म्हणाल, भात निघाल्यावर तरी बंद करा. कसं करणार? आमच्याकडं धरणाचं पाणी आहे ना! भातामागं हरभरा, हरभऱ्यामागं उन्हाळी भुईमूग, रान कधी रिकामं नाही. लोक म्हणतात, नशीबवान आहात. आहेच मी! मैफल लावतो, टक्सकट ऐकतो. आणि आता तर अशी गत आहे की सूर कितीही गोड लागू दे, माझा कान सुरावर नसतोच, पुढच्या टक्वर असतो. जरा उशीर झाला की मी खुर्चीतनं अर्धा उठतो. मागच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं, साहेब, बारीक सूर आधी जातात म्हणता, मग शेवटपर्यंत काय राहतं? म्हणाले, "जाड ठोके राहतात हो." म्हणलं, छान. उत्तम. राहू दे…

काय मावशी? माझं नाव पुकारलं? कधी? … दोनदा? बघा, मावशींना ऐकू आलं! आलो, आलो मॅडम! … मला आज परत बोलावलंय त्या टेस्टला, मागच्या शनिवारी नीट झाली नाही. ती आतली काचेची खोली आहे ना, कानावर हेडफोन घालून बसवतात, हातात बटण देतात, आवाज आला की दाबायचं. आत गेलो आणि दार लागलं… अहो, काय शांतता! भिंतींना मऊ गाद्या, मधोमध खुर्ची, एकच! हीच खोली हवी होती मला जन्मभर. मी डोळे मिटले. आणि जरा वेळानं अनिता मॅडम दार उघडून म्हणतात, "काका, तुम्ही नेमानं बटण काय दाबताय? मी अजून आवाज दिलेलाच नाही!"

म्हणलं, मॅडम, तुम्ही दिला नसेल. पण डुकरं बाहेरच आहेत.